एका डोळ्याची गिटार

दिवाळी अंकासाठी तुझ्या कामाविषयी लिही, असं मला सांगितलं गेलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं. असे लेख निवृत्त माणसं लिहितात. स्टेशनमास्तर, हेडमास्तर, तीस वर्षं प्रसूती केलेल्या नर्सबाई. मी अजून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि पेणच्या बाजारातल्या एका वाद्यदुरुस्तीच्या दुकानात कॉलेज सुटल्यावर काम करते. त्यालाही हे चौथंच वर्ष. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे लिहून काही देणारीही पहिलीच. चुकलं तर सांभाळून घ्या.

दुकान अप्पांचं. अप्पा सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांचे कान अजून तल्लख आहेत, पण डोळ्यांनी साथ सोडली, म्हणून मला ठेवलं. मला वाद्य वाजवता येत नाही. मला फक्त दिसतं, असं ते गिऱ्हाइकांना सांगतात.

आमच्याकडे जास्त करून भजनी मंडळांचं सामान येतं. पेटी, तबला, पखवाज, ढोलकी. पेटीच्या पोटात पितळेच्या पट्ट्या असतात, त्यांना आम्ही सूर म्हणतो. पट्टीच्या टोकाला कानस मारली की आवाज चढतो, बुडाशी खरवडली की उतरतो. एवढं कळलं की निम्मं काम आलं. उरलेलं निम्मं काम म्हणजे माणसं. एक बुवा दर वर्षी येतात, म्हणतात, "अप्पा, पेटी खोकते." उघडली की आत पालीची अंडी, झुरळाचे पंख, कधी उदबत्तीची काडी. साफ करून दिली की दोन दिवसांनी परत, "आता खोकत नाय, पन बोलत पन नाय." अप्पा म्हणतात, "बुवा, तुम्ही बोलू दिलंत तर ती बोलेल."

मला हे काम आवडतं. बंद पडलेल्या वस्तूच्या आत काय आहे ते मला आधी दिसतं आणि मग इतरांना, याचा थोडा अभिमानही आहे. म्हणूनच पुढची गोष्ट लिहायला मला इतका वेळ लागला. त्यात मी एक चूक केली आहे.

गणपतीला महिनाभर उरला होता. त्या दिवसांत पेणच्या बोळाबोळांत रंगाचा वास असतो. आमच्या दुकानाच्या मागेच एक कारखाना आहे, आणि त्यात माझी आई मूर्ती रंगवते. साडेतीनच्या सुमाराला, कंपनीतली पहिली शिफ्ट करून, एक माणूस मोटरसायकलवरून रोह्याहून आला. पाठीला चादरीत काहीतरी बांधलेलं. आधी मला वाटलं मूल आहे. त्यानं गाठ सोडली तर आत गिटार.

त्याचं नाव महेश. धाटावला कंपनीत आहे. चाळिशी ओलांडलेला, कमी बोलणारा.

"ही फॉरेनची हाय का, तेवढंच बघून सांगा," तो म्हणाला.

"विकायची आहे?" अप्पांनी विचारलं.

"ते नंतर. आधी आयशीला सांगायचं हाय. ती म्हणते, बापानं घरी बसून बनवली. आमचा काका म्हणतो, त्याला खाटेचा पाय बसवता येत नव्हता, त्यो गिटार काय बनवतोय? मुंबईला घेतली, आनि तिच्याच नादानं गेला."

"गेला म्हणजे?"

"पळाला. मी दोन वर्षांचा होतो. बांधाला खांड गेली त्या दिवशी."

पेणच्या खाडीकडच्या गावांना हे समजावून सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगते. भरतीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून खाडीच्या कडेनं मातीचे बांध असतात. मोठ्या उधाणाला बांध फुटून भगदाड पडलं की त्याला खांड म्हणतात. मग हाक उठते, आणि गावातल्या प्रत्येक घरानं माणूस पाठवायचाच असतो. महेशदादांचं मूळ गाव तिथलं. त्या दिवशी सगळं गाव बांधावर होतं आणि त्यांचे वडील हरिश्चंद्र मात्र बांधावर कुणालाच दिसले नाहीत. दुसऱ्या दिवशी घरीही नव्हते. ते पेणला कारखान्यात मूर्तींना रंग द्यायचे आणि लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचे. मुंबईला ऑर्केस्ट्रात गेले, असं गावानं ठरवून टाकलं.

"आय त्या दिवशी मला घेऊन माहेरी होती," महेशदादा म्हणाले. "तिनं कुंकू पुसलं नाय. त्यो परत येनार होता, एवढंच म्हणते. आता तिला नीट दिसत नाय. म्हणते, माज्या डोल्यांदेखत कुनी जानत्यानं बघून सांगावं, ही त्याच्या हातची हाय का नाय. हातची निघाली तर काका खोटा. तेवढं तिला पुरं हाय."

"आणि तुम्हाला?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

त्यांनी चादरीची घडी घातली. "मला काय. मी पळपुट्याचा पोर म्हणूनच शाळेत गेलो."

जुनं वाद्य ओळखायचं म्हणजे आधी त्याचं नाव शोधायचं. गिटारच्या डोक्यावर कंपनीची खूण असते, भोकातून आत पाहिलं तर मागच्या फळीवर कागद चिकटवलेला असतो. ते नसेल तर डोक्याचा आकार, खुंट्या, लाकूड, सांधे, डिंक. या गिटारला नाव नव्हतं. आत बोटभर धूळ आणि जाळी. अंग नेहमीच्या गिटारपेक्षा लहान, कंबर जास्त बारीक. सहातल्या चार तारा गंजलेल्या. वरची फळी हलक्या देवदाराची, एका बाजूला लाकडाचा डोळा, म्हणजे गाठ, असलेली. मोठा कारखाना असलं लाकूड वापरत नाही, पण जुन्या परदेशी स्वस्त गिटारींना ते असायचं असं मी वाचलं होतं. दांड्यावर ठिपक्यांच्या जागी शिंपल्याचे तुकडे बसवलेले. ते इतके नीट बसवले होते की नख अडकत नव्हतं.

मी फोटो काढून इंटरनेटवरच्या एका ग्रुपवर टाकले. एकानं लिहिलं जर्मन, एकानं रशियन, तिसऱ्यानं लिहिलं की ही गिटार नाही, फर्निचर आहे. अप्पांनी गिटार मांडीवर घेतली, पाठीवर बोटानं टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "मागची फळी आंब्याची. आणि आत काहीतरी सुटलंय." मग का कुणास ठाऊक, खांद्यावरचा पंचा काढून त्यांनी तिच्या तोंडावर टाकला.

"झाकता कशाला?"

"अशीच," ते म्हणाले. "बघते असं वाटतं."

अप्पांना नीट दिसत नाही, हे मी वर सांगितलं आहे.

दोन दिवसांनी दुपारी मी एका भजनी मंडळाची पेटी जुळवत होते. दुकानात कुणी नव्हतं, अप्पा जेवायला गेले होते. वरची एकेक पट्टी दाबत चौथ्या काळ्या पट्टीवर, म्हणजे काळी चारवर आले. सूर लागला, आणि माझ्या पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "हं."

मोठ्यानं नाही. गोष्ट सांगताना ऐकणारा मधून मधून हुंकार देतो, तसं.

मी वळले. कोपऱ्यात पंच्याखाली गिटार. मी काळी पाच दाबली. काही नाही. पांढरी पाच. काही नाही. काळी चार. "हं."

याला अनुनाद म्हणतात. पहिल्या वर्षाला आम्हाला शिकवलं आहे. प्रत्येक पोकळ वस्तूचा आपला एक सूर असतो, तो बाहेर वाजला की ती आतून थरथरते. त्यात आत काही सुटलेलं असेल तर ते किरकिरतं. मी हे सगळं वहीत लिहून काढलं, आकृतीसुद्धा काढली. मला कारण माहीत होतं. तरी त्या आठवड्यात एकटी असताना मी काळी चार शेवटी जुळवायची. एकदा तर ती तशीच ठेवून पेटी बंद केली. बुवा आले, त्यांनी वाजवायला घेतली, नेमक्या त्या सुरावर थांबले आणि कोपऱ्याकडे पाहू लागले.

"तिकडं कोन हाय?"

"गिटार आहे बुवा."

"मग तिला बाहेर काढ. झाकलेल्या मानसासमोर मी भजन म्हनत नाय."

अप्पा म्हणाले, "उघड आता तिला. उगाच लोकांत बोलवा होईल."

गिटार फोडून उघडायची नसते. दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा दांडीचा छोटा आरसा आणि मोबाइलचा टॉर्च भोकातून आत घालून बघायचं. मी आधी कडेचे सांधे पाहिले आणि चकित झाले. फळ्या जिथे जुळतात तिथे लाकडाची पट्टी असायला हवी. इथे सरसात बुडवून दाबलेला काथ्या होता. नारळाचा काथ्या. आमच्याकडे साच्यातून मूर्ती काढताना आतून असाच काथ्या लावतात, हात-पाय तुटू नयेत म्हणून. जर्मनीत किंवा रशियात कुणी गिटारला काथ्या लावत असेल असं मला वाटत नाही.

मी अप्पांना ओरडून सांगितलं. आता फक्त मागच्या फळीवर कागद आहे का ते बघायचं होतं. मी मऊ ब्रशनं भोकाखालची धूळ हळूहळू बाजूला सारू लागले. जाळी निघाली, राखाडी थर सरकला, आणि त्याच्या खालून एक डोळा वर आला.

मी हात काढून घेतला. टॉर्च आत पडला, त्यामुळे तो डोळा आतून उजळला आणि भोकातून सरळ माझ्याकडे बघत राहिला.

कंपनीचा कागद असतो त्याच जागी काळ्या रंगानं काढलेला, पूर्ण डोळा. वरची पापणी, बुबुळ, त्यातला पांढरा बिंदू, भुवई. गणपतीचा असतो तसाच, शांत. आणि एकच. दुसऱ्या डोळ्याच्या जागी फक्त पापणीची सुरुवात होती, आणि तिथून एक बारीक रेघ तिरकी, वेडीवाकडी, कडेपर्यंत गेलेली.

"काय गो, काय आहे?" अप्पा विचारत होते. मी मोबाइल बाहेर काढला, त्या डोळ्याचा फोटो घेतला आणि त्यांना सांगितलं.

मग आरशात दिसलं की फळीला आधार देणाऱ्या आडव्या पट्टीच्या मागे काहीतरी अडकलं आहे. अप्पांच्या मते सुटलेलं होतं ते बहुधा हेच. चिमट्यानं ओढून काढलं. खारीच्या केसांचा बारीक ब्रश, डोळे काढायचा. टोकाचे केस रंगानं वाळून दाभणासारखे झालेले.

आता माझी चूक. आमच्या घरात वाळलेला ब्रश दिसला तर आधी धुवायचा, मग बाकीचं. मी चार वर्षांची असल्यापासून आईनं हे हातात बसवलं आहे. कारागीर उपाशी उठेल पण ब्रश न धुता उठणार नाही. मी विचार केलाच नाही. शेजारी चहाच्या पेल्यात पाणी होतं, त्यात ब्रश बुडवला आणि बोटांनी चोळला. केस मऊ झाले, पाणी काळंभोर झालं, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. न धुतलेला ब्रश हीच तर खूण होती. ज्याला निघून जायचं आहे तो ब्रश धुऊन ठेवून जातो. चाळीस वर्षं त्या गिटारनं ते पोटात जपलं होतं आणि मी ते अर्ध्या मिनिटात पेल्यात कालवलं.

ब्रशचा मी फोटोही काढला नव्हता.

मी तशीच मागच्या कारखान्यात गेले. दुपारची सुट्टी होती. आई मूर्तीच्या पितांबराला पिवळा देऊन हात पुसत बसली होती. आईला आखणी येते, म्हणजे डोळे काढता येतात, पण ती कधी तिच्या हातात दिली गेली नाही. पितांबर, शेला, उंदीर, इथवरच. मी मोबाइलवर गिटारच्या आतला फोटो दाखवला.

तिनं पदरानं हात पुन्हा पुसले. "हे कुठं मिळालं?"

मी सांगायला लागले तर ती ऐकायला थांबलीच नाही. उठून मागच्या फळीवरचं जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. प्लास्टरचा एक चेहरा, फक्त चेहरा, नाकाचा टवका उडालेला. कारखान्यात जुन्या चांगल्या हातांचे नमुने असे ठेवतात, नवीन मुलांना गिरवायला.

"इथं बघ," ती म्हणाली. खालच्या पापणीची रेघ नाकाकडच्या कोपऱ्यात वरच्या रेघेला टेकत नव्हती. तांदळाएवढी फट सोडलेली. मोबाइलमध्येही तशीच. "बाकी सगळे कोपरा मिटवतात. यानं कधी मिटवला नाय. आमचे मिस्त्री याला हरीचा डोळा म्हणतात. हरीला मी बघितलेला नाय, माझ्या आधीचा तो."

"हरिश्चंद्र?"

"असेल. हरी म्हणूनच ऐकलंय."

मग तिनं दुसऱ्या डोळ्याची अर्धी पापणी बोटांनी मोठी करून पाहिली. बराच वेळ पाहिली. "हात उडालाय," ती म्हणाली. "एक डोळा काढून मधेच उठत नाहीत गो. जेवण असो, पाहुणा असो, घरात कुणी मेलेलं असो. अर्धा उठलास तर तो एक डोळा तुला शोधत बसतो, असं म्हणतात."

"मग हा का उठला?"

"उठला कुठं? याला उठवलाय कुणीतरी."

मी ब्रशचं सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. "माझीच सवय तुला," एवढंच म्हणाली आणि चेहरा पुन्हा फडक्यात बांधला.

रविवारी सकाळच्या गाडीनं आई आणि मी रोह्याला गेलो. फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतं. गिटार चादरीत माझ्या मांडीवर. नागोठण्याच्या पुढे समोरचा माणूस म्हणाला, "ताई, वाजवा की काहीतरी, निडी स्टेशन येईपर्यंत." मी म्हटलं येत नाही. तेवढ्यात शेजारच्या रुळावरून मालगाडी गेली आणि तिचा भोंगा लांबत लांबत उतरला. चादरीतून "हं" आलं. ब्रश काढल्यावरही. तो माणूस खिडकीकडे सरकून बसला.

महेशदादांचं घर दोन खोल्यांचं. त्यांची आई, अनसूयाबाई, दारातच बसल्या होत्या. अंगानं अगदी लहान, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या. मी गिटार समोर ठेवली तशी त्यांनी हातानं तिची कंबर चाचपली, दांड्यावरचे शिंपले एकेक मोजल्यासारखे बोटानं दाबले.

"मीच वेचल्यात या शिंपल्या," त्या म्हणाल्या. "कोन ऐकतंय."

मी सांगायला सुरुवात केली. काथ्या, आंब्याची फळी, नमुन्याचा चेहरा, कोपऱ्यातली फट. गिटार हरिश्चंद्रांच्या हातची आहे, यात शंका नाही, हे मी दोनदा म्हणाले. मग एक डोळा, उडालेली रेघ आणि ब्रश. आणि शेवटी, तो ब्रश मी धुतला हेही.

महेशदादा दाराला टेकून उभे होते. "म्हणजे पुरावा धुतलास," ते म्हणाले.

"हो."

"काका काय म्हनेल म्हाईत हाय? म्हनेल, पोरीनं स्वतःच टाकला असंल आत."

मला रडू येत होतं. पण एक गोष्ट मी आदल्या दिवशी आरशात पुन्हा पाहून ठेवली होती. मी त्यांच्या हातात आरसा दिला, टॉर्च धरला आणि म्हटलं, "रेघ संपते तिथून पट्टीपर्यंत बघा. काळे ठिपके दिसतात? पाच आहेत. पहिला मोठा, मग लहान लहान. ब्रश हातातून आत पडला आणि ओला असताना गडगडत गेला. कुणी काढायला हात घातला असता तर ते पुसले गेले असते. हे मी केलेले नाहीत, दादा. ते लाकडात मुरलेत."

ते गुडघ्यावर बसले आणि भोकाला डोळा लावून बघत राहिले. आतल्या डोळ्यासमोर त्यांचा डोळा. धाटावच्या बाजूनं कुठल्या तरी कंपनीचा भोंगा झाला, पण ते हलले नाहीत.

"खांडीची हाक," शेवटी ते म्हणाले. आमच्याशी नाही, गिटारच्या आत बोलल्यासारखे. "लहानपनी मी बघितलंय. हाक आली की तोंडातला घास थुंकून उठतात. त्यात कसला डोला आनि कसला काय." मग ते आईकडे वळले. "पन आये, मग बांधावर त्यो कुनाला का नाय दिसला?"

अनसूयाबाई बांगड्या मागे सारत होत्या. "बांधावर पोचला असता तर दिसला असता ना, बाबा."

त्यांच्या जुन्या घरापासून बांधापर्यंत वाटेत एक वहाळ, म्हणजे ओढा, आहे, हे महेशदादांनी मला नंतर सांगितलं. उधाणाला तो खाडीकडून उलटा भरतो. सगळं गाव दुसऱ्या वाटेनं गेलं होतं. ही जवळची वाट होती. घाईत असलेला माणूस जवळच्याच वाटेनं जाणार.

पण अनसूयाबाईंच्या त्या एका वाक्यावरून मला तिथेच कळलं की तो वाटेतच गेला, हे त्यांना ठाऊक होतं. चाळीस वर्षं ठाऊक होतं. तो मेला की जगला, हे त्यांनी आम्हाला विचारलंच नव्हतं. तो सोडून गेला नाही, एवढंच त्यांना कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

महेशदादा माझ्या आईला म्हणाले, "तुमी कारखान्यातल्या ना? तो दुसरा डोला पुरा करून देता? असा बघवत नाय."

माझ्या आईनं माझ्याकडे पाहिलं. तिनं येताना तो ब्रश आणि काळ्या रंगाची डबी पिशवीत घातली होती, हे मला माहीत नव्हतं. धुतल्यामुळे केस पुन्हा टोकदार झाले होते. तिनं झाकणात रंग कालवला, पदर खोचला, गिटार मांडीवर आडवी घेतली. आयुष्यभर पितांबर रंगवलेल्या बाईच्या हातात पहिल्यांदा डोळा आला होता. ब्रश भोकाच्या आत गेला.

अनसूयाबाईंनी अंदाजानंच हात पुढे केला आणि तिचं मनगट धरलं.

"नको गो बाय."

"का ओ? चांगला काढते मी. बिघडवनार नाय."

"तू चांगलाच काढशील. पन पुरा झाला तर त्यो कशाला येल?"

आईनं ब्रश बाहेर घेतला. मग उठून मोरीत गेली आणि तो धुतला, नीट, बराच वेळ. पाण्याचा आवाज आम्ही ऐकत बसलो.

माझं एक काम उरलं होतं. ब्रश काढूनही हुंकार राहिला होता, कारण आडवी पट्टीच एका टोकाला सुटली आहे. मी सांगितलं की थोडा सरस घातला की तो आवाज जाईल. कसला आवाज, अनसूयाबाईंनी विचारलं. मला गाता येत नाही, पण चार वर्षं रोज ऐकून काळी चारचा सूर घशात बसला आहे. मी तो लावला.

"हं," गिटार म्हणाली.

अनसूयाबाईंनी मान कलती केली. "हां," त्या म्हणाल्या. "मी काय सांगाय लागले की असाच करायचा. हातातलं काम नाय सोडायचा, नुस्ता हुं करायचा." आणि माझ्याकडे चेहरा करून, "ऱ्हाव दे तो. डिंक नको घालू."

आमच्या दुकानाची पद्धत आहे की वस्तू परत देताना तिला चिठ्ठी बांधायची. वस्तू, कारागीर, अवस्था. मी लिहिलं, गिटार. हरिश्चंद्र, आखणीवाले. अवस्थेपुढे आम्ही 'दुरुस्त' किंवा 'दुरुस्त होणार नाही' लिहितो. तिसरं काही लिहायची पद्धत नाही. मी 'काम चालू' असं लिहिलं. महेशदादांनी ती चिठ्ठी वाचली, दांड्याला बांधली आणि गिटार खुंटीवर अडकवली, तोंड दाराकडे करून. पंचा नाही, चादर नाही.

काका काय म्हणाले ते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. मधे महेशदादा एकदा येऊन गेले, चुलत भावाच्या पोराची ढोलकी घेऊन. जाताना म्हणाले, "आय बरी हाय. दुपारची तिच्याशी बोलत बसते." कुणाशी, ते त्यांनी सांगितलं नाही.

ब्रश मी धुवायला नको होता. फोटो काढायला हवा होता, कागदात गुंडाळून तसाच त्या बाईंच्या हातात द्यायला हवा होता. त्या वाळलेल्या टोकावर त्यांनी बोट टेकवलं असतं. हे मला राहून राहून वाटतं. आता दुकानात कुठलंही जुनं वाद्य आलं की मी आधी हात मागे बांधून फक्त बघते. अप्पा हसतात.

पेट्या मात्र रोज जुळवाव्या लागतात. एकेक पट्टी दाबत काळी चारवर येते, सूर लागतो. गिटार रोह्याला आहे, कोपऱ्यात आता नुसती भिंत आहे, हे मला माहीत आहे. तरी भात्यावरचा हात थांबतो, आणि पुढची पट्टी दाबायच्या आधी मी थोडा वेळ जाऊ देते.